शब्दार्थ

सहावी ब, भवानी पेठ.
धडा सातवा, उठावाच्या आधीचा.
फळ्यावर लिहिलं: कर, जप्ती, बहिष्कार, असंतोष.
वाक्यात उपयोग करा.

'कर' सगळ्यांनी पुस्तकातूनच उतरवला.
'जप्ती'ला झुलेखा बागवान उभी राहिली:
मंगळवारी अब्बूंची गाडी जप्त झाली, काटापण.
पेरू दिले परत. चेंगरलेले.
चालेल ना, बाई?
चालेल, म्हटलं. वेलांटी तेवढी दुसरी दे.

'बहिष्कार' म्हणजे डबा न खाणे,
असं शार्दूल घोलपचं म्हणणं.
त्याला अर्धा गुण.

'असंतोष' राहिला.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
तो दिसतो कसा?

खडू झटकत मी खिडकीशी गेले.
खाली, शाळेच्या फाटकाला लागून,
विटांवर फळी मांडून
एक माणूस
हातानंच पेरू तोलत होता.