डी म्हणजे कुठे

जुंबर म्हणतो, आधी शब्द शीक, माउस नंतर.
फार्मसीच्या वरची खोली. खिडकीतून
तारेवरून लोंबत उतरणारी मँगनीजची बादली,
टेबलाखाली आमचं काळं खोकं.
रॅम दोन जीबी. "ही हातातली पाटी," तो सांगतो,
"वीज गेली की कोरी."
चिआतुरात वीज जाते म्हणजे काय होतं
हे मला सांगायची गरज नव्हती.

सी-वर विंडोज, डी-वर चित्रं.
दोघांना एका अंथरुणावर निजवायचं नाही,
एकाने कूस बदलली की दुसऱ्याच्या फ्रेमा गळतात.

लामारा आली मार्चमध्ये, हाय-एटची टेप
पावाच्या फडक्यात बांधून.
एकोणीसशे चौऱ्याण्णव. लग्न.
"तेंगिझला काढून टाका," म्हणाली,
"बाकीचं राहू दे. आई आहे त्यात माझी."

टेपला घाई चालत नाही.
तासाची टेप तासभरच उतरते,
फायरवायरच्या करंगळीएवढ्या केबलमधून
अख्खं वऱ्हाड, सेकंदाला पंचवीस फ्रेमा,
आणि कोपऱ्यातला एक आकडा
न पोचलेल्यांची मोजदाद ठेवतो:
ड्रॉप्ड, एक्केचाळीस.
तमादाच्या भाषणात पडल्या असतील, जुंबर म्हणाला,
पेला हातात धरून बावीस मिनिटं बोललाय,
कुणाला पत्ता लागणार नाही.

मी पॉज केलं.
लामारा मान वळवते आहे
आणि तिच्या गालाला फणीचे दात फुटलेत.
बिघाड नाही हा, इंटरलेस.
कॅमेरा एकाआड एक ओळी आधी लिहितो,
उरलेल्या मागून,
मध्ये सेकंदाचा पन्नासावा हिस्सा निघून जातो.
भिंत, मेणबत्ती, म्हातारी आई
दोन्ही खेपांना जागच्या जागी.
हलतो तोच विस्कटतो.

कापायच्या दोन रीती.
रिपल डिलीट: तुकडा जातो, मागचे सगळे पुढे सरकतात,
जागा बुजते.
करून दाखवलं.
नवरी चर्चच्या पायरीवरून थेट केकपाशी,
बोटात अंगठी, घातली कुणी ते माहीत नाही.
लामाराला हसू आलं.
मग थांबलं.

लिफ्ट: तुकडा उचलायचा, जागा तशीच.
दोन मिनिटं अकरा सेकंद काळं.
"हे," ती म्हणाली.
पण मी नवखी, आवाजाची गाठ आधीच सुटली होती,
चित्र तेवढं उचललं गेलं.
काळ्यातून एक पुरुष खोकला, हसला,
विचारलं, "जनरेटरला डिझेल पुरेल ना?"
जुंबरचा हात म्यूटकडे गेला.
"असू दे," ती म्हणाली,
"त्या वर्षी कुणीही हेच विचारलं असतं."

रात्रभर रेंडर. टाइमलाइनवरची लाल रेघ
मुंगीच्या चालीने हिरवी होत गेली.
कोडेक म्हणजे, जुंबर पेंगत म्हणाला,
सगळं पुन्हा पुन्हा लिहायचं नाही,
आधीच्याहून बदललं तेवढंच टिपायचं.
म्हणून पंगतीच्या नाचाला सगळ्यात जास्त डेटा लागला
आणि त्या काळ्या दोन मिनिटांना
जवळजवळ वजनच नव्हतं.

आठ दिवसांनी ती परत आली.
डीव्हीडी छान लागते म्हणाली. शेजारणीही पाहून गेल्या.
पैसे आधीच दिलेले. तरी उभी.
"तो उचललेला तुकडा. तो टाकता कुठे?"

मी म्हटलं, टाकत नाही. टाइमलाइनवर नुसते पत्ते असतात,
इथून इथवर दाखव, इथून इथवर नको.
मूळ फाइलला आपण हातही लावत नाही.
ती आहे डी-वर.

"डी म्हणजे कुठे?"

मी टेबलाखाली बोट दाखवलं.
पंख्याच्या जाळीवर धूळ, एक हिरवा दिवा.
जुंबर कसलंसं दुसरं लग्न रेंडर करत होता.
लामारा गुडघ्यावर हात टेकून वाकली,
खोक्याच्या कुशीला तळवा लावला,
जरा वेळ तसाच ठेवला.

"गरम आहे," म्हणाली.