कॅपिंगचं रबर

मॅजेंटा बंद.
भाऊंच्या वाढदिवसाचा दहा बाय वीस,
गाल हिरवे आले.

कॅपचं रबर गेलंय. रात्रभर हेड उघडं राहतं,
आणि सोलापूरचा मे. शाई वाळणारच.
पुण्याचा डीलर म्हणतो, सुटं मिळत नाही,
अख्खा संच घ्या, साडेनऊ हजार, वर जीएसटी.
दिल्लीवाला अकराशेत देतो,
पण फोटोतली खाच आमच्या कॅपसारखी नाही.
मी फूटपट्टी लावून सांगते: अडीच.
तो म्हणतो, मॅडम, अडीच काय?

अशोक चौकामागं राजय्या चिप्पा,
चाळीस वर्षं मागावर जॉबर.
आता त्यांच्याकडं डब्याडब्यांतून माग सुटा सुटा:
पिकर, स्प्रिंगा, चामड्याचे तुकडे.
कॅप तळहातावर घेऊन
काठावरून अंगठा फिरवला, डोळे मिटून.
तेलुगूत काहीतरी पुटपुटले. शिवी असावी.
"ट्यूबचं रबर नको ओ, ही शाई खाईल त्याला."
डिझेल पंपाच्या सीलची एक शीट काढली,
दाढीच्या ब्लेडनं कापली, केसभर जास्त,
मग तो केसही काढला.

"चाळीस द्या."
मी पन्नास दिले. सुटे नव्हते त्यांच्याकडं.
"राहू द्या. छोटा बोर्ड कितीला पडतो? दोन बाय तीन?"
काय लिहायचं त्यावर?
"चार माग. चालू.
देणे आहे. वजनावर."

रात्री नऊला टेस्ट काढली.
मॅजेंटा आला, दोन रेघा सोडून.
भाऊंच्या कानाशेजारी फ्लेक्स उरत होता,
तिथं बसवला त्यांचा बोर्ड.
'चालू'मधला 'च' जरा फिका आलाय.