फक्त

चेक परत आला मंगळवारी.
सोबत छापील कारणांची पट्टी,
बाराव्या ओळीपुढे निळी खूण:
सही जुळत नाही.

आबांनी पट्टी आधी उजेडात धरली.
सवय.
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
दुसरं काय केलं म्हणा,
कागद उजेडात धरायचा, खोट शोधायची,
चांगला तो इकडे, डागी तो तिकडे.
"पट्टी खरी आहे," म्हणाले.

रक्कम तीन लाख चाळीस हजार.
सातपूरच्या एकाकडून मला जुनं छपाईचं यंत्र घ्यायचं होतं,
लग्नपत्रिका, बिलबुकं, असलं.
कर्ज मागून झालं होतं त्याच शाखेत.
राहायला कुठे, विचारलं. मी वस्तीचं नाव सांगितलं
आणि साहेबांच्या पेनाला टोपण लागलं.
म्हणून आबांनी ठेव मोडली.
मोबाइलवरून पाठवू म्हटलं, तर नको.
"बोटाने गेलेल्या पैशाला अर्धुक नसतं."

बिटको चौकातून चालत गेलो.
इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं,
त्यातलं एक फक्त सहीचं.
खिडकीतल्या मुलाने नाव वाचलं, मोठ्याने,
कचरू सावळेराम गंगुर्डे,
पहिल्या शब्दावर थांबून, शेजारच्या खिडकीकडे बघत.
आधीची दोन राहिली नाहीत म्हणून
मृत्यूला चकवायला आजीने ठेवलेलं नाव ते.
मृत्यू चकला.

"प्रेसमध्ये? झाडूखात्यात का?"
"नंबरिंगला."
"एवढी रक्कम आली कुठून?"
आबांनी पासबुक सरकवलं. आधार. पेन्शनचं कार्ड.
मग पुन्हा पासबुकच,
जणू पहिल्यांदा नीट सरकलं नव्हतं.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. हात थरथरत होता,
सही म्हणजे मुंग्यांची विस्कटलेली रांग.
"वय झालं की बदलतेच हो काका,
बसा, नवीन नमुना घेऊन टाकू."
चहा सांगितला.
त्यांचं आडनाव मी ऐकलं. इथे लिहीत नाही.

आबांचा चेक साहेबांनी आत नेला,
ट्यूबलाइटखाली वर धरून पाहत राहिले.
प्रेसच्या फाटकात रोज झडती व्हायची,
डबा उघडायचा, चपला काढायच्या,
आबांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही,
कारण मागे रांगेत मोठे साहेबही
डबा उघडून उभे असायचे.
इथे डबा एकट्याचाच उघडला होता.

मग नऊ सह्या करून घेतल्या कोऱ्या कागदावर.
नऊही तंतोतंत.
साहेब म्हणाले, "इतक्या सारख्या कशा?"

बाहेर पायरीवर आबा चपलेचा पट्टा लावता लावता
एकदम हसायला लागले.
"उलटा धरला होता त्याने.
वॉटरमार्क तसा वाचताच येत नाही."
"मग सांगायचं ना!"
"आता ती माझी ड्यूटी नाही."

रात्री जेवणं झाल्यावर नवा चेक लिहायला बसले.
कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा, फूटपट्टीने.
रक्कम अक्षरी, शेवटी फक्त.
तिसरीत असताना मला शिकवलं होतं,
फक्त लिहायचंच,
नाहीतर मोकळ्या जागेत कुणीही काहीही जोडतं.

मग सही.
आणि सहीच्या पुढे, जिथे कुणी काही मागत नाही,
एक आडवी रेघ, थेट कागदाच्या काठापर्यंत.

मी म्हटलं, "आबा, नमुन्यात ही रेघ नाहीये.
परत येईल."
"येऊ दे. उद्या नमुना देऊ."
आणि अर्धुकावर लिहू लागले, हळूहळू,
तारीख, रक्कम, कशासाठी:
पोरीचं मशीन.