आज्ञार्थ

सुवाल्कीच्या इस्पितळातून कालिना घरी आली
तेव्हा नर्सनं एक पाकीट माझ्या हातात दिलं:
बुटांच्या नाड्या, स्वेटरची दोरी, पट्टा.
यादीखाली माझी सही.
नाड्या अजून माझ्या कोटाच्या खिशात आहेत.
ती बिननाड्यांचे बूट घालते, विचारत नाही.

झेनॉननं तेव्हापासून भूतकाळ सोडला.
आमच्या भाषेत भूतकाळ चहाडखोर.
आलास की आलीस, निजला होतास की निजली होतीस,
क्रियापदाचं शेपूट सगळं सांगून टाकतं.
म्हणून तो नुसता आज्ञार्थात बोलायचा.
ये. बस. खा. दार लाव.
अंगणातला बर्फ उपस. गोळी घे.
पाहुण्याला वाटावं, केवढा हा हुकूमशहा बाप.
मला दिसायचं, एकोणीस वर्षांची सवय त्यानं
कढत बटाट्यासारखी तोंडात धरलीय,
गिळवत नाही, थुंकवत नाही.

एकदाच जुन्या नावानं हाक मारली.
कुत्र्यानं कान टवकारले.
तिनं नाही.

मीही काही शहाणी नव्हते.
घरातल्या सुऱ्या ओव्हनमध्ये लपवल्या
आणि रविवारी ओव्हन तापवला.
मुठी वितळल्या, घरभर जळका वास.
खिडक्या उघडत कालिना म्हणाली,
"आता पाव दातांनी कापायचा का, आई?"
आणि हसली. मार्चनंतर पहिल्यांदा.
त्याच रात्री मी तिच्या दाराबाहेर
पायपुसण्यावर बसून श्वास मोजले,
तिचे की माझे, कळेना.

सप्टेंबरात आम्ही ऑगुस्तूफच्या रानात गेलो,
अळंबी वेचायला.
तिघं, तीन टोपल्या, एक थर्मास.
दोन तासांनी टोपल्या दोनच.
झेनॉननं हाक मारायला तोंड उघडलं
आणि त्याच्यापाशी हाकच नव्हती.
आज्ञार्थाला समोर माणूस लागतो.
पाईनच्या खोडांमधून तो नुसता ओ, ओ करत फिरला.
थांबला.
मग फाटक्या आवाजात: "कालिना!"

ती पडलेल्या ओंडक्यामागं, गुडघ्यांवर,
कोपरापर्यंत शेवाळात.
"कुठं गेली होतीस?"
"इथंच होते की."

मी थर्मासचं झाकण फिरवत राहिले, उलट्या दिशेनं.
त्याला कळलंही नसावं काय बोलला ते.
तिच्या टोपलीत डोकावून त्यानं दोन अळंबी उचलली,
टाचेखाली चिरडली.
"विषारी. तुला शिकवलं होतं ना मी?"
"शिकवलं होतंस. विसरले."

विसरले, म्हणाली.
मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.
विसरलीच असेल. सहा वर्षं आलो नव्हतो इकडं,
आणि उजेडही कमी होता.

परतताना गाडीत पुन्हा तेच:
पट्टा लाव. काच वर कर. झोप थोडी.
ती झोपली खरंच, तोंड उघडं टाकून,
नखांत माती.
खिशातल्या नाड्यांना मी हात लावला.
काढल्या नाहीत.