शोधाची व्याप्ती

एप्रिल लागला तरी हीटर चालू.
टे नदीवरून हार चढत आलाय डंडीवर.
समुद्राकडून येणाऱ्या धुक्याला इथे हार म्हणतात,
मला तेवीस वर्षांनंतरही वाटतं
आता कुणाच्या तरी गळ्यात पडणार.

मी पुरावा शोधतोय.
अकरा वर्षांपूर्वी मुकुंदानं मला ईमेलवर लिहिलं होतं,
तुझं तू बघ.
त्यानंच. लग्नांत, बारशांत, फोनवर
मी हे इतक्यांदा सांगितलंय
की वाक्य गुळगुळीत झालंय,
वर कुणाचा छाप होता ते दिसत नाही.

चौकटीत टाइप केलं. शून्य.

आमचं मराठी रोमन अक्षरांतलं, ज्याचं त्यानं जमवलेलं.
‘तुझं’ला झेड लावला. मग जे-एच. मग नुसता जे.
‘बघ’चा एच काढून पाहिला
तर एक बॅग सापडली,
ग्लासगो विमानतळावर हरवलेली,
मी लिहिलेल्या तक्रारीला आलेलं दिलगिरीचं उत्तर.

खालच्या गेडिस बाईंचा फर्गस जिन्यात भेटला, म्हणाला,
सेटिंग बदला.
तुमचा प्रोग्रॅम फक्त विषय वाचतो, मजकूर वाचतच नाही.
म्हटलं, आमच्याकडे बरेच जण तसेच.

मजकुरावर खूण केली.
शब्दाचा तुकडा जुळला तरी चालेल का? चालेल.
सगळे फोल्डर? सगळे.
सूची नव्यानं बांधायला बसलं यंत्र,
एकतीस हजार पत्रं,
एक हिरवी पट्टी, गोगलगायीच्या चालीनं.
मी वरण लावलं, जेवलो, भांडी पुसून ठेवली.
नऊ हजार.

नाना मिरजेच्या छापखान्यात
खणांच्या पेटीपुढे उभे राहून
हाताकडे न बघता खिळे उचलायचे.
लाइट गेले तरी जुळणी थांबत नसे.
ळ? उजव्या बाजूला, खालून दुसरी ओळ.
अंधारात विचारलं तरी हेच सांगायचे,
आणि सांगेपर्यंत तो त्यांच्या चिमटीत असायचा.

ते पायट्याचं मशीन मुकुंदानं विकलं.
मला न विचारता. भांडण हेच तर आहे.

पहाटे पट्टी भरली.
दोनशे चौदा निकाल, ‘सुसंगतीनुसार’ लावलेले.
कशाशी सुसंगत, आणि ठरवणारं कोण?
तारखेवर आणले. जुनं आधी.
बघू. बघूया. बघतो. बघायला हवं एकदा.
आमच्या घराण्याची अख्खी कार्यपद्धती,
पण ते वाक्य नाही.

मग अगदी तळाशी एक चौकट दिसली,
त्यांनीच रिकामी ठेवलेली,
पाठवलेली पत्रंही शोधावीत.
बनवणाऱ्याला वाटलं असेल
स्वतःचं लिहिलेलं माणसाच्या लक्षात राहतं.

टिचकी मारली.

दोनशे चौदाचे तीनशे नऊ झाले.
एका मंगळवारी, रात्री अकरा सत्तेचाळीस.
‘तुझं’मध्ये झेड आणि एच दोन्ही.
पाठवणारा मी.
आणि खाली आपोआप चिकटणारी सही,
आपला विश्वासू, दंत-तंत्रज्ञ,
फोन, फॅक्ससुद्धा.
त्याच्याही खाली, फिक्या करड्या अक्षरांत,
ज्याला मी हे उत्तर दिलं होतं ते.
भंगारवाला आठ दिवस थांबतो म्हणाला.
मशीन ठेवायचं का दादा?
तू म्हणशील तसं.

पुलावरून पहिली गाडी फाइफकडे गेली.
पूल दिसत नव्हता, फक्त खिडक्या,
एकामागून एक, हवेतून.

चौकटीतली खूण काढावी का, असंही मनात आलं.
हात माउसवर होता. खोटं कशाला सांगू.

नवीन पत्र उघडलं.
देवनागरी कीबोर्ड लावला, आयुष्यात पहिल्यांदा,
छापखानेवाल्याचा मुलगा मी.
एकच शब्द लिहायचाय, कळलं.

क मिळाला.
ळ मिळत नाहीये.
उजव्या बाजूला बघतोय,
खालून दुसऱ्या ओळीत.