पंच क्रमांक दोन

माझा गाळा शेजारी, म्हणून मला पंच केलं.
हवालदार भोईर आले, म्हणाले, शेठ, दोन मिनिटं या,
आणि ती दोन मिनिटं आता सहा वर्षांची झालीत.

मोकलच्या गाळ्यात ओल्या शाईचा वास,
भिंतीला टेकून खोकी, खोक्यांत डाव.
पत्तेच, पण रमीचे नव्हेत. भविष्य सांगायचे. टॅरो.
चारशे बारा डाव भरले.
मी लोअर परळात जन्मभर वह्या शिवल्या, पावतीपुस्तकांना नंबर मारले,
भविष्याचं बाइंडिंग कधी केलं नव्हतं.

ताडदेवच्या हिल्लाबाई आल्या होत्या वकिलाबरोबर.
अठ्ठ्याहत्तर चित्रं, नऊ वर्षं लागली म्हणे काढायला.
कंदील धरलेला म्हातारा म्हणजे त्यांचा भाऊ,
गोदीत कारकून होता, गेला.
त्याला मोकलने स्कॅन करून विकला
फोर्टच्या फुटपाथवर, दोनशे वीस रुपयांना, बाकीच्या सत्त्याहत्तरांसकट.
बाईंनी पत्ता उजेडात धरला, एवढंच विचारलं,
याचा कोट मी निळा केलेला, हा जांभळा कसा?
मोकल जमिनीकडे बघत म्हणाला,
मॅजेन्टा जास्त पडला, बाई.

नकल माझ्या अंगठ्याला लगेच कळते,
साबणाच्या वडीसारखी निसटते.
पण अंगठ्याला कोर्टात विचारत नाहीत.
पुरावा होता केस.
स्कॅनरच्या काचेवर पडलेला, मोकलचा, नाहीतर त्याच्या पोराचा,
सोळा नंबरच्या पत्त्यावर, मनोऱ्यावर, उभाच्या उभा छापलेला,
प्रत्येक डावात, त्याच जागी.
साहेब खूश. म्हणाले, केसानेच केस उभी केली.
आम्ही हसलो. हिल्लाबाई हसल्या नाहीत.

त्या केसाची दुसरीही एक केस आहे.
वृंदा तळपदे गिरगावात पत्ते वाचतात, पाचशे रुपये.
त्यांनी तोच केस दाखवून एका नर्सला सांगितलं,
इमारतीला चीर आहे, हे घर घेऊ नका.
नर्सने कांजूरचा फ्लॅट सोडला, टोकनचे पन्नास हजार बुडाले,
ती गेली ग्राहक न्यायालयात.
तिथे विचारलं म्हणे,
पत्ते अस्सल असते तर भविष्य खरं ठरलं असतं,
असं आपलं म्हणणं आहे काय?
तिचा वकील बराच वेळ फाइलमध्ये काहीतरी शोधत राहिला.

गेल्या गुरुवारी किल्ला कोर्टात लाखेचं सील फोडलं.
नमुन्याचा डाव. कारकुनाने मोजला. पुन्हा मोजला.
सत्त्याहत्तर.
सोळा नंबर नाही.
बाकीचे चारशे अकरा मुद्देमालाच्या खोलीत वाळवीने संपवले,
तसा दाखला जोडलेला आहे.
मोकलच्या वकिलाने चष्मा पुसला.
पंच, पंचनाम्यात अठ्ठ्याहत्तर लिहिलेत. आपण मोजलेत?
माझ्यासमोर मोजले, साहेब.
म्हणजे आपण मोजलेत?
हिल्लाबाई पहिल्या बाकावर. आता काठी घेऊन येतात.
मी म्हणालो, सही माझीच आहे.
पुढची तारीख पडली.

परत येताना लालबागच्या सिग्नलला आठवलं.
मोकलकडे बसायला जागा नव्हती,
म्हणून पंचनामा लिहायला माझ्याच टेबलाशी बसलो होतो.
टेबल डुगडुगायचं, भोईरांचं अक्षर उडायचं,
ते वैतागले, शेठ, काहीतरी लावा की खाली.
मोजून झालेल्या गठ्ठ्यातला कुणीतरी एक पत्ता उचलला,
कुणीतरी म्हणजे मीच,
दुमडून पायाखाली सरकवला
आणि पुढच्या पानावर सही केली.

गाळा उघडलाय. वाकून बघावं म्हणतो.
कुठला आहे ते अजून बघितलेलं नाही.
सहा वर्षं या टेबलावर पावतीपुस्तकांना नंबर मारतोय,
एकही आकडा तिरका गेलेला नाही.