मायावती, विलंबित

लाईट गेली
आणि अक्कलकोट रोडवरचे माग
सगळे एका श्वासात थांबले.
एवढी शांतता आमच्या गल्लीला मानवत नाही,
कुत्रीसुद्धा उठून बसतात.

गड्ड्याचा मोठा पाळणाही काळा पडला होता.
मी गच्चीवर. दुर्बीण, वही,
लाल जिलेटिन लावलेली बॅटरी.
ययातीतली मायावती आज उतरणीला लागणार होती.

नायना तंबोरा घेऊन वर आले.
भीमाकाठचा भोपळा, मिरजेच्या तारा,
आणि चौतीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढलेले कान.
आधी टाचणी गेली, मग तार षड्ज,
मग आईची जिन्यातून मारलेली हाक.
(आई म्हणते, ती पहिल्यापासूनच पोचत नव्हती.)

ते हनुवटीनं तंबोरा लावतात.
हाड भोपळ्याला टेकवून.
जोडीच्या दोन तारांत केसाएवढा फरक असला
की नाद फुगतो, ओसरतो, फुगतो.
खुंटी पिळत जावी तशी लाट लांबते, अजून लांबते,
आणि एका जागी येतच नाही.
'लागलं,' म्हणतात.

'काय बघलालीस?'
अंधारात त्यांना ओठ दिसत नाहीत.
मी लाल बॅटरी तोंडावर धरली.
दोन आहेत, नायना. एकमेकींभोवती फिरतात.
मंद असलेली पुढून गेली
की दुसरीचा उजेड बसतो, घसा बसावा तसा.
'किती वेळानं?'
दोन दिवस, वीस तास, एकोणपन्नास मिनिटं.

त्यांनी मांडीवर एक टाळी दिली,
हात वर नेला, आणि तिथंच ठेवला.
बराच वेळ.
'लै विलंबित,' म्हणाले,
'ह्याला तबलजी मिळायचा नाही.'

मग मी पुस्तकातलं सांगितलं:
वर हवा नाही. इतकं सगळं फिरतंय,
पण ऐकू काहीच येत नाही.
ते हसले, तंबोऱ्यासकट हलले.
'मग माझं काय बिघडलं?'

डावा हात त्यांनी ओढून भोपळ्यावर ठेवला.
डोळा दुर्बिणीला.
मनगटातून लाट जात होती, येत होती,
आणि वर एक ठिपका
शेजारणीपेक्षा जरासा उतरला,
की मलाच तसं वाटलं.
नऊ चाळीस. दहा दहा.
जॅकार्डच्या पत्त्याची भोकं नुसती बघून
खाली कुठलं फूल उमटेल हे त्यांना कळायचं.
मला अजून भोकंच दिसतात.

दहा पंचवीसला लाईट आली.
माग मात्र एकेक करत सुरू झाले,
आधी कोपऱ्यावरच्या म्याकलांचे, मग सगळे,
पाळणा पेटला,
मायावती धुऊन निघाली.
नायनांचं बोट तारेवर तसंच.
त्या खडखडाटात आता मलाही काही ऐकू येत नव्हतं.
'लागलं,' ते म्हणाले, म्हणजे त्यांचे ओठ म्हणाले.

प्रतीचा रकाना मी कोरा सोडला.
खाली आई उद्याच्या कडक भाकऱ्या थापत होती.
ते मात्र ऐकू येतं, म्हणतात,
पायरीवर उभं राहिलं की, तळपायांना.